आईच्या खोलीतली ओल – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फोंड्याला आमचं जुनं घर आहे, चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिची खोली माडीवरून खाली आणतेय. १० बाय ११ ची खोली, एकच खिडकी, परसातल्या फणसाकडे उघडणारी. तिथला गारवा आईला फार आवडतो.

अडचण ओलीची. पाऊस लागला की पलंगामागचा प्लास्टिक पेंट फुगतो, बोट लावलं की पापुद्रा हातात येतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, तरी सुती साड्यांना कुबट वास येतोच. पेंट खरवडून चुन्याचा हात द्यावा म्हणतेय, म्हणजे आतली ओल सुकायला वाट मिळेल. चुन्यात पिवडी (पिवळ्या मातीचा रंग) मिसळून कुणी केलंय का? भिंतीला टेकलं की ती अंगाला लागते का? आणि रात्री उठताना तिच्या डोळ्यांवर येणार नाही असा मंद दिवा कुठे लावू?