मदत हवी आहे: रिमोट डेस्कटॉप ब्राउझरमधून अडखळतोय, ॲपमधून मात्र सुरळीत

नमस्कार मंडळी,

साताऱ्यातल्या एका करसल्लागारांच्या ऑफिसचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. ऑफिसात विंडोज सर्व्हर, त्यावर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. घरून काम करणाऱ्यांसाठी मुंबईतल्या क्लाउड सर्व्हरवर ग्वाकामोली (ब्राउझरमधून रिमोट डेस्कटॉप दाखवणारं सॉफ्टवेअर) बसवलंय, त्याच्यापुढे ब्राउझरच्या रिक्वेस्ट घेऊन आत पाठवणारं एनजिनएक्स. क्लाउड आणि ऑफिस वायरगार्ड या व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी जोडणीने, जोडलेत.

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप ॲपने व्हीपीएनवरून गेलं की ऑफिसात बसल्यासारखं चालतं. त्याच लॅपटॉपवर, त्याच ब्रॉडबँडवर क्रोममधून गेलं की नॅरेशन (नोंदीचा तपशील) टाइप करताना काहीच उमटत नाही आणि मग पाच-सहा अक्षरं एकदम येतात. डे बुक (रोजच्या नोंदींची यादी) खाली सरकवलं की स्क्रीन तुकड्यातुकड्याने भरते. प्रोसेसर दोन्हीकडे निवांत. कलर डेप्थ १६ बिटवर आणून पाहिली, काही फरक नाही.

दुसरी अडचण कंट्रोल-एनची. टॅलीत त्याने कॅल्क्युलेटर उघडतो, इथे क्रोमची नवी विंडो. ज्यांचे हात वर्षानुवर्षं या शॉर्टकटवर बसलेत ते वैतागलेत.

सगळ्यांना व्हीपीएन द्या, असं कृपया सांगू नका. घरचे लॅपटॉप मुलंही वापरतात, आणि अशी मशीन क्लायंटच्या हिशेबाच्या नेटवर्कला जोडायची माझी तयारी नाही. २० तारखेला ३-बी हे जीएसटीचं विवरणपत्र भरायची मुदत असते, त्या आठवड्यात हे फार जाणवतं. ब्राउझर म्हटला की हे असंच चालायचं, की माझ्या सेटअपमध्ये काही सुधारता येईल?

प्रतिसाद:

थोडं दोन्ही आहे. पण अक्षरं थांबून एकदम येणं हे ब्राउझरमुळे नसावं, आधी तेच बघा. क्रोममध्ये एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा. वेबसॉकेटची (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी राहणारी जोडणी) १०१ स्टेटसची एक ओळ चालू दिसली पाहिजे. तिच्याऐवजी टनेल नावाच्या रिक्वेस्ट एकामागोमाग येत असतील तर ग्वाकामोली साध्या एचटीटीपीवर उतरलंय आणि एनजिनएक्स डेटा साठवून मग सोडतंय. एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये अपग्रेड आणि कनेक्शन हे हेडर पुढे पाठवा, एचटीटीपी १.१ ठेवा, प्रॉक्सी बफरिंग बंद करा.

त्यानंतर उरेल तो खरा फरक. ॲप आरडीपी (विंडोजची रिमोट डेस्कटॉपची भाषा) थेट बोलतं आणि २०१२ च्या आरडीपी ८ पासून यूडीपीही वापरतं, ज्यात हरवलेल्या पॅकेटसाठी बाकीचा डेटा थांबत नाही. तुमच्याकडे मध्ये ग्वाकडी, म्हणजे ग्वाकामोलीचा मागे चालणारा प्रोग्रॅम, आहे: तो आरडीपी उलगडतो, चित्रं पीएनजी किंवा जेपेगमध्ये बांधून पाठवतो, आणि ब्राउझर ती पानावरच्या चित्राच्या जागेत (कॅनव्हासवर) काढतो. वेबसॉकेट टीसीपीवर चालतं, त्यामुळे एक पॅकेट हरवलं की मागचं सगळं खोळंबतं. कमकुवत वायफायवर हे हमखास जाणवणार. ते पूर्ण टळणार नाही, पण त्रास कमी करायचा तर ग्वाकडी क्लाउडवरून काढून ऑफिसच्या लॅनमध्ये (आतल्या नेटवर्कमध्ये), विंडोज सर्व्हरशेजारी ठेवा. ग्वाकडी ब्राउझरचा वेग बघून फ्रेम कमी-जास्त करतो, आणि आरडीपीचा प्रवास लॅनमध्येच संपला तर त्याला ते नीट जमतं. ग्वाकामोलीचं वेब ॲप क्लाउडवरच राहू दे.

कंट्रोल-एन नेहमीच्या टॅबमध्ये क्रोम स्वतःकडेच ठेवतो, पानाला ते अडवता येत नाही. ग्वाकामोलीच्या पानाचा शॉर्टकट बनवून वेगळ्या विंडोत उघडेल असा ठेवा. तिथे कंट्रोल-एनसारख्या कळा थेट पानाकडे जातात.

धागाकर्ता:

१०१ कुठेच नाही, टनेलच्याच ओळी दिसतायत. ऑफिस सुटल्यावर एनजिनएक्स बदलतो. ग्वाकडीसाठी ४ जीबी रॅमचं जुनं उबुंटू मशीन पडून आहे. चार जण एकाच वेळी बसले तर पुरेल का?