पीपीएल (खासगी वैमानिकाचं लायसन्स) आहे, ११८ तास झालेत. पूर्ण इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या (आयआर, बाहेरचं न दिसता नुसत्या यंत्रांवर उडायची परवानगी) मागे लागू का?

घोडबंदर_१७२

नमस्कार मंडळी. वय ४३, राहणार घोडबंदर रोड, ठाणे. धंदा दातांचा, म्हणजे लोकांच्या दाढांतून विमानाचं पेट्रोल निघतं.

पीपीएल २०२१ च्या डिसेंबरात हातात आलं. आजवर ११८ तास, सगळे सेसना १७२ वर. त्यातले क्रॉस-कंट्री पीआयसी (म्हणजे स्वतः कॅप्टन म्हणून केलेली लांबची उड्डाणं) फक्त २७. क्लब घाटावर आहे. रविवारी पहाटे साडेतीनला गाडी काढायची, अकराच्या आत उडून मोकळं व्हायचं आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकच्या आधी माजिवडा गाठायचा, असा कार्यक्रम. जून ते सप्टेंबर लॉगबुक जवळपास कोरंच राहतं.

विचारायचं कारण गेल्या ऑक्टोबरातलं. परतीच्या लेगवर डोंगराच्या कडेला ढगांचा थर होता. वाटलं, मधून वाट आहे. नव्हती. पांढऱ्यात शिरलो. माझ्या हिशेबाने विमान अगदी सरळ चाललं होतं. एआय (अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर हो, विमानाचा कल दाखवणारा; हल्ली गाजतोय तो नव्हे) दाखवत होता २५ अंश डावीकडे. आणि खरं सांगतो, डोक्यात पहिला विचार आला तो 'हे यंत्र बिघडलंय' असा. मग व्हीएसआय (चढ-उताराचा वेग दाखवणारी डायल) मिनिटाला ६०० फूट खाली दिसला, वेग वाढताना दिसला, तेव्हा कुठे उजेड पडला. पंख सपाट केले, १८० अंश वळलो, बाहेर आलो. मिनिटभरही लागलं नसेल, पण शर्ट पिळून वाळत घालावा असा झाला होता. घरी सांगितलेलं नाही.

तर प्रश्न: एअरलाइनमध्ये जायचं नाही, सीपीएल (व्यावसायिक लायसन्स) करायचं नाही. नुसत्या रविवारच्या पायलटला पूर्ण आयआर झेपतं का? इथे करावं की बाहेर? हिचं म्हणणं, तेवढ्या पैशात गावच्या घरावर नवी कौलं चढतील. तेही खरंच आहे.

---

वाशी_सेक्टर_१७

डॉक्टर, तीसेक वर्षं पोरांना हूड (बाहेरचं दिसू न देणारी टोपी) घालून उडवण्यात गेली, म्हणून जरा लांब लिहितो.

तुम्ही वळायच्या आधी पंख सपाट केलेत, ते उत्तम झालं. बहुतेक जण वेग वाढलेला बघून घाबरतात आणि नाक ओढतात. कललेल्या विमानात नाक ओढलं की गिरकी आणखी घट्ट होते. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात २० वैमानिकांवर प्रयोग झाला होता. एकालाही इन्स्ट्रुमेंटचा सराव नव्हता. कृत्रिम ढगात घातल्यावर वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तुमचं मिनिट त्यातलंच धरा.

कान तुम्हाला मी काय शिकवणार. आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव हलला तरच मेंदूला वळण कळतं. विमान सावकाश कललं तर तो द्रव हलल्याची खबरच देत नाही. मग तुम्ही झटक्यात सरळ करता, तेव्हा मात्र तो 'उजवीकडे कललास' म्हणून बोंब मारतो. रेटिंगच्या पहिल्या दहा तासांत दुसरं काही शिकवत नाहीत. शरीर ओरडत असताना डायलवर विश्वास ठेवायचा, एवढंच. तो पाठ करून येत नाही. उलटी येईपर्यंत हूडखाली बसल्यावर येतो.

आता हिशेब. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटना) अनेक्स १ प्रमाणे ५० तास क्रॉस-कंट्री पीआयसी आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट लागतात. त्या ४० पैकी २० पर्यंत जमिनीवरच्या ट्रेनरवर चालतात, पूर्ण फ्लाइट सिम्युलेटर असेल तर ३०. म्हणजे तुम्हाला आधी २३ तास क्रॉस-कंट्री जमवायचे आहेत. ते नुसते चकाट्या पिटत जमवू नका. एडीसी, एफआयसी नंबर (उड्डाणाआधी घ्यायचे मंजुरीचे नंबर) घेण्यापासून प्रत्येक लेग असा उडवा की जणू आयएफआर (यंत्रांवरचं उड्डाण) चाललाय: हेडिंग पाच अंशांत, उंची शंभर फुटांत, आणि बाजूच्या सीटवर डोळे उघडे ठेवणारा सेफ्टी पायलट असेल तर थोडा वेळ हूडसुद्धा.

शिकताना लोक कुठे अडकतात सांगतो. पहिलं, नजर. एआयवरून निघायचं, एक डायल बघायची, परत एआय. नवा माणूस अल्टिमीटरवर खिळतो, तोवर हेडिंग पळालेलं असतं. दुसरं, पार्शल पॅनेल, म्हणजे काही डायली बंद पडल्यावर उरलेल्यांवर उडणं. तुमच्या १७२ मध्ये व्हॅक्यूमवर चालणारे जायरो असतील, तर लक्षात ठेवा, पंप गेला की एआय एकदम मरत नाही. तो हळूहळू झुकतो, आणि तुम्हीही त्याच्याबरोबर झुकत जाता. म्हणून प्रशिक्षक त्यावर रबरी झाकण चिकटवतो आणि टर्न कोऑर्डिनेटरवर (वळण दाखवणारी डायल) भागवायला लावतो. तिथे भलेभले रडतात.

तिसरं होल्डिंग, म्हणजे ठरलेल्या बिंदूपाशी (फिक्स) घिरट्या घालत थांबणं. नकाशावर साधी लांबट अंडाकृती दिसते. १४,००० फुटांपर्यंत एक मिनिटाचा लेग, उजवीकडची वळणं, वळण सेकंदाला ३ अंशांचं. पण वारा लागला की अंड्याचं वांगं होतं. प्रवेशाचे तीन प्रकार (डायरेक्ट, पॅरलल, टीयरड्रॉप) आणि तुम्हाला निवडायला वीस सेकंद, वर एटीसी (हवाई नियंत्रक) बोलतोय. मी पोरांना सांगायचो, हॉलमधला टीपॉय म्हणजे फिक्स, त्याच्याभोवती चाला. हसायचे. चालायचे मात्र.

आयएलएस (धावपट्टीपासच्या रेडिओ यंत्रणेच्या आधाराने उतरणं) त्यामानाने सरळ. ३ अंशांच्या ग्लाइडस्लोपला (उतरायच्या उताराला) ग्राउंडस्पीड निम्मा करा आणि पुढे शून्य लावा: ९० नॉट्सला मिनिटाला ४५० फूट. २०० फुटांवर रनवे दिसला नाही तर वर. 'दिसतोय वाटतं' म्हणजे दिसला नाही.

एक गोष्ट मात्र आधी उरका. आयआर हवं असेल तर पीपीएलवाल्यालाही ऐकण्याची चाचणी क्लास १ च्या (व्यावसायिक वैमानिकांच्या) निकषाने द्यावी लागते. दिवसभर ड्रिलची शीळ कानाशी असते तुमच्या. पैसे भरायच्या आधी ऑडिओमेट्री करून घ्या.

---

खारघर_टेकडी

मी बाहेर केलं, अमेरिकेत, एफएएचं (तिथलं विमान नियामक खातं). तिथेही आकडे असेच: ५० क्रॉस-कंट्री, ४० इन्स्ट्रुमेंट. त्यात १५ तास इन्स्ट्रुमेंट शिकवायची परवानगी असलेल्या प्रशिक्षकाबरोबर, आणि एक २५० नॉटिकल मैलांची आयएफआर फेरी, तीन वेगवेगळ्या प्रकारच्या अप्रोचसकट (यंत्रांवर धावपट्टीकडे उतरत येणं). लेखी परीक्षा ६० प्रश्नांची, ७० टक्क्यांना पास. आपल्याला परदेशी म्हणून टीएसएची (तिथली वाहतूक सुरक्षा संस्था) सुरक्षा तपासणी आधी करून घ्यावी लागते. ती होईपर्यंत प्रशिक्षण सुरू होत नाही, तेव्हा तिकिटं घाईने काढू नका.

माझी चूक सांगते. स्वस्त आणि स्वच्छ हवामान म्हणून वाळवंटात गेले. सात आठवड्यांत रेटिंग हातात, आणि खऱ्या ढगातले तास १.२! बाकी सगळं हूडखाली. हूडमध्ये कडेने उजेड दिसतो, सावली सरकते, शरीर चोरून मदत घेतं. पहिल्यांदा खऱ्या ढगात गेले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. प्रशिक्षिका शांतपणे म्हणाली, "एआय बघ, श्वास घे." म्हणून जाणार असाल तर ढग असलेल्या ठिकाणी, ढग असलेल्या महिन्यात जा.

आणि टिकवण्याचं काय? एफएएच्या नियमाने ६ महिन्यांत ६ अप्रोच, होल्डिंग, ट्रॅकिंग. खारघरला परत आले, नोकरी, सासूबाईंचं ऑपरेशन, आणि बघता बघता सगळं लॅप्स झालं. आता रात्री एक्स-प्लेनवर (घरच्या कॉम्प्युटरवरचा सिम्युलेटर) बसते. ते लॉगबुकात धरत नाहीत, पण प्लेट (अप्रोचचा नकाशा) वाचायची आणि रेडिओ लावायची सवय राहते. महिन्यातून दोनदा उडायचं जमणार असेल तरच पैसे घाला, दादा. नाहीतर कौलं खरंच चांगली.

---

कळवा_खाडी

मी विरोधी पक्ष. रेटिंग मिळालं तरी जुलैत तुम्ही काय करणार? घाटावरच्या क्युम्युलोनिम्बसला (सीबी, गडगडाटी ढग) तुमचं रेटिंग दिसत नाही. १७२ मध्ये रडार नाही, एकच इंजिन. शिवाय अप्रोच करणार कुठे? जुहूला इन्स्ट्रुमेंट अप्रोच नाही. बऱ्याच छोट्या धावपट्ट्यांवर नाही. मोठ्या विमानतळावर तुमच्या मागे एअरबस १४० नॉट्सने येतेय आणि तुम्ही ९० ने.

---

वाशी_सेक्टर_१७

@कळवा_खाडी, सीबीबद्दल शंभर टक्के बरोबर. पण ऑक्टोबरातला पातळ थर, डिसेंबरातलं सकाळचं धुरकं, तिथे फरक पडतो. आणि अप्रोचचं चित्र बदलतंय: गगनवर (आपली उपग्रहावर चालणारी दिशादर्शक यंत्रणा) २०२२ च्या एप्रिलमध्ये इंडिगोचं एटीआर किशनगढला उतरलं, जमिनीवर आयएलएसची यंत्रणा न वापरता. उद्या लगेच आपल्या १७२ ला मिळेल असं नाही. विमानात तसा रिसिव्हर हवा.

---

घोडबंदर_१७२

सगळ्यांचे आभार. ऑडिओमेट्री परवा नौपाड्यात करून घेतली. डाव्या कानात ४,००० हर्ट्झला थोडा खड्डा आहे, ड्रिल त्याच बाजूला असतो. ईएनटीवाला मित्र म्हणतो निकषात बसेल. आता इअरप्लग लावून रूट कॅनाल करतो. पेशंटला वाटतं, मी त्याचं ओरडणं ऐकायला नको म्हणून.

ठरवलंय असं: मार्चपर्यंत २३ तास क्रॉस-कंट्री, ताईंच्या अटीप्रमाणे महिन्यातून दोनदा. तेवढं जमलं तरच पुढचे पैसे. नाही जमलं तर कौलं. आणि ऑक्टोबरातली गोष्ट घरी सांगितली. दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मग शिकून तरी घे नीट."

आजोबा, रात्री टीपॉयभोवती होल्डिंग चाललो. पॅरलल एंट्रीला सोफा आडवा येतो.

---

वाशी_सेक्टर_१७

सोफा हलवू नका. टीयरड्रॉप घ्या.