लाईट आली, तरी मेन स्विच बंदच ठेवा

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. वादळात झाड कोसळून तुटलेली वाहिनी आज जोडून झाली आणि पुरवठा सुरूही झाला. मात्र काही घरांत दिवे मिणमिणत आहेत, तर काही घरांत पंखे नेहमीपेक्षा जोरात फिरत आहेत, अशा तक्रारी येत असल्याने प्रत्येकाने आपला मेन स्विच तूर्त बंद करावा.

बी-४०२ : दोन रात्री अंधारात काढल्यावर आलेली लाईट स्वतःच्या हाताने घालवणे जिवावर येते. आमच्याकडे सारे सुरळीत आहे, मग आम्हीही बंद करायचे का?

ए-१०३ : होय, तुम्हीसुद्धा. ही लक्षणे न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी सामाईक तार, तुटल्याची किंवा सैल झाल्याची आहेत. इमारतीत तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा, येतात, घरे त्यांवर वाटलेली असतात आणि न्यूट्रल शाबूत असेल तोवर प्रत्येक घराला सुमारे २३० व्होल्ट मिळतात. तो सुटला की दोन वेगळ्या फेजवरची घरे जणू एकामागोमाग एक जोडली जाऊन ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात, आणि ती वाटणी समान नसते : ज्या फेजवर भार कमी, तिथला दाब (व्होल्टेज) चढतो. म्हणजे आत्ता तुमच्याकडे सगळे ठीक दिसत असले, तरी दुसऱ्या फेजवरच्या कोणी गीझर लावला, तर तुमचा टीव्ही जळू शकतो. एमसीबी, म्हणजे आपोआप बंद होणारा सुरक्षा स्विच, पडेल या भरवशावर राहू नये. तो जादा प्रवाह ओळखतो, जादा दाब नव्हे.

बी-४०२ : बंद केला, काका. पण बाबांचे इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे, त्याचे काय करावे?

सी-२०१ : दार न उघडल्यास फ्रिजमधला गारवा साधारण ४ तास टिकतो, गच्च भरलेल्या फ्रीझरमधला ४८ तासांपर्यंत, त्यामुळे तुमच्या फ्रिजचा आता उपयोग नाही. वापरात असलेले बहुतेक इन्सुलिन ३० अंशांखाली सुमारे २८ दिवस चालते, तरी नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी आणि न उघडलेल्या कुप्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. घाबरून ते बर्फात मात्र पुरू नका, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते.

ए-३०२ : मी छोटा जनरेटर आणला आहे. तो बाल्कनीत ठेवून, दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरने घरातल्या सॉकेटला जोडला तर चालेल का?

ए-१०३ : अजिबात नाही. मेन स्विच चुकून चालू राहिला, तर तुमची वीज मीटरमधून उलटी ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाईल, तिथे ती चढून ११,००० व्होल्ट होऊ शकते आणि वाहिनी बंद आहे असे समजून काम करणाऱ्या लाईनमनचा जीव जाईल. असली वायर कोणी करून दिली असेल, तर ती आधी तोडून टाका. शिवाय धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, त्यामुळे बाल्कनीही नको. जनरेटर उघड्यावर, दारेखिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब ठेवावा आणि उपकरणे थेट त्यालाच जोडावीत.

सचिव : लाईनमन आले आहेत. खांबावरचा न्यूट्रलचा जोड निसटला होता, तो आता घट्ट केला जात आहे. मीटरच्या खोलीत तिन्ही फेजचा दाब मोजल्यावर मी येथे कळवीन; त्यानंतर एकेका मजल्याने मेन स्विच चालू करावेत आणि फ्रिज काही मिनिटे थांबूनच लावावा. वरची टाकी रिकामी असल्याने पंप लगेच सुरू करू या का?

ए-१०३ : आधी तो कोणत्या दिशेने फिरतो ते पाहावे. तुटलेली वाहिनी पुन्हा जोडताना दोन फेजची अदलाबदल झाली, तर घरातल्या दिव्यांना फरक पडत नाही, पण तीन फेजची मोटर उलटी फिरू लागते, आवाज नेहमीसारखा येतो आणि पाणी मात्र धड चढत नाही. लिफ्टही याच कारणाने अडून बसू शकते.

सचिव : ठीक आहे. पंप आपण दोघे मिळून तपासू. लिफ्टच्या तंत्रज्ञाला मी बोलावले आहे. तो पाहून जाईपर्यंत सर्वांनी जिनाच वापरावा.