जपानी खेड्यातलं 'मोटारीच्या किमतीतलं' घर: आधी जमिनीखाली बघा

कौलारू (धागाकर्ता):
ती पोस्ट तुमच्याकडेही आली असणारच. जपानमध्ये ९० लाख घरं ओस पडलीत, सरकार वाटत सुटलंय, जुन्या मोटारीच्या भावात घ्या आणि डोंगराच्या कुशीत कायमचे राहा. चारदा सोडून दिलं. पाचव्यांदा खाली 'पूर्ण अभ्यासांती' असं लिहून आली, तेव्हा राहवलं नाही.

९० लाख हा आकडा २०२३च्या गृहपाहणीतला, खरा. पण त्यातली सुमारे ४४ लाख भाडेकरूची वाट बघणारी घरं आहेत. खरोखर वाली नसलेली ३८-३९ लाख. आणि सरकार काही वाटत नाही. अकिया बँक म्हणजे ओस घरांची पालिकेनं लावलेली यादी, बस्स. घराच्या अवस्थेची हमी पालिका घेत नाही. विकणारा खाजगी मालक असला की नंतर निघालेल्या दोषांची जबाबदारीही करारातून बहुधा काढून टाकलेली असते.

'कायमचे राहा' तर धादांत खोटं. परदेशी माणसाला जपानमध्ये जमीन आणि घर पूर्ण मालकीनं घेता येतं, पण त्यातून व्हिसाचा एक दिवसही मिळत नाही. धंदा काढून बिझनेस मॅनेजर व्हिसा घेऊ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ऑक्टोबर २०२५पासून भांडवलाची अट ५० लाखांवरून ३ कोटी येनांवर गेली आहे.

खर्चाचं बघा. जुलै २०२४पासून ८० लाख येनांपर्यंतच्या घराला दलाल करासह ३ लाख ३० हजार येनांपर्यंत दलाली घेऊ शकतो. १० लाखांच्या घरावर ही एक तृतीयांश झाली. वर नोंदणी, शिहो शोशीची (नोंदणीचे कागद करणाऱ्या कायदेशीर लेखनिकाची) फी आणि व्यवहार विसरल्यावर टपालानं येणारा मालमत्ता-संपादन कर. देशाबाहेर राहणार असाल तर कर भरायला तिथला प्रतिनिधी नेमावा लागतो. शिवाय प्लॉटची किमान २ मीटर बाजू कायद्यानं मान्य (सहसा ४ मीटर रुंद) रस्त्याला लागलेली नसेल तर जुनं पाडून नवं बांधता येत नाही. स्वस्त घर स्वस्त का आहे, हे कुणी विचारतच नाही.

घाटवळण:
भीती घालायचा कार्यक्रम छान झाला. आता दुरुस्ती. रस्त्याचा तो नियम नगररचना क्षेत्रातला. खऱ्याखुऱ्या डोंगराळ खेड्यांचा मोठा भाग त्या क्षेत्राबाहेर येतो, तिथं तो लागू नाही. पालिकेच्या बांधकाम खिडकीवर गट क्रमांक दिला की लगेच सांगतात. म्हणजे तुम्ही शहराच्या कडेच्या घरांचा दोष खेड्याच्या माथी मारलात.

घर घेणाऱ्यानं नीट क्रम धरला तर फसायचं कारण नाही. पहिल्यांदा नोंदवहीचा उतारा. मग धोक्याचा नकाशा: दरड कोसळण्याच्या लाल पट्ट्यात घर असेल तर फोटोही बघू नका. तिसरं, बांधकाम परवानगीची तारीख. १ जून १९८१ ही भूकंप-निकष बदलल्याची तारीख आहे आणि ती परवानगीला लागते, घर पुरं झाल्याला नाही. १९८२ साली उभं राहिलेलं घर जुन्या निकषातलं असू शकतं. लाकडी घरांचे सांधे आणि भिंतींचा समतोल यांचे नियम तर २००० साली आले. चौथं, तातामी म्हणजे जमिनीवरच्या जाड गवती चटया उचलून, खालची फळी काढून आत टॉर्च मारा. मातीच्या नळ्या खांबाला चढलेल्या दिसल्या की वाळवी समजा. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, विशेषतः न्हाणीघर आणि स्वयंपाकघराखालच्या आडव्या वाशांना. वाळवीचं औषध साधारण ५ वर्षं टिकतं, त्यामुळे 'एकदा मारलंय' याला अर्थ नाही.

आणि घ्यायचंच तर एकमजली घ्या. एप्रिल २०२५पासून दुमजली लाकडी घराच्या मोठ्या डागडुजीलाही परवानगी लागते. खांब, तुळया, छप्पर यांपैकी एखाद्याचं निम्म्याहून जास्त काम काढलं की कागद आलेच, आणि जुन्या घराचे नकाशे कुणाकडे असतात? २०० चौरस मीटरपर्यंतचं एकमजली त्यातून सुटतं.

सातबारा:
घाटवळण, 'पहिल्यांदा उतारा' एवढं म्हणून पुढे पळालात. खरी मेख तिथंच आहे. उताऱ्यावर पणजोबा असतात! वारस नोंद सक्तीची झाली ती थेट १ एप्रिल २०२४ला. तीन वर्षांत करायची, नाहीतर १ लाख येनांपर्यंत दंड. तोवर पिढ्यान्‌पिढ्या कुणी नाव लावलं नाही. मग घर विकायला उभा असलेला काका हा अनेक वारसांपैकी एक निघतो, आणि प्रत्येकाचा सहीऐवजी चालणारा, पालिकेत नोंदलेला शिक्का आणि त्याचा दाखला हवा. एक ब्राझीलला, एक वृद्धाश्रमात स्मृती गेलेला. त्याच्यासाठी न्यायालयातून पालक नेमा. शिहो शोशीनं 'नोंद विक्रेत्याच्या नावावर झाली' असं सांगेपर्यंत बयाणाही देऊ नये.

शेत जोडून असेल तर तो वेगळाच तमाशा. शेतजमीन समितीच्या परवानगीशिवाय तो तुकडा नावावर होत नाही. २०२३च्या एप्रिलपासून किमान क्षेत्राची अट गेली हे खरं, पण खरोखर कसणार हे दाखवावंच लागतं. करारात लिहून घ्या: परवानगी नाकारली तर सगळाच व्यवहार रद्द. नाहीतर घर तुमचं आणि अंगणातला मुळ्याचा वाफा मयत पणजोबांचा.

अडकित्ता:
सगळे वरच बघताय. संडास कुठं जातो ते विचारलंत का कुणी?

फोटोत गरम सीटचं कमोड दिसतं म्हणून भुलू नका. सांडपाण्याची लाइन नसलेल्या गावात तीन शक्यता. एक, नुसता खड्डा, व्हॅक्यूमची गाडी येऊन उपसते. दोन, जुनी जोकासो, म्हणजे आवारातच सांडपाणी शुद्ध करणारी टाकी, जी फक्त संडासाचं पाणी घेते. मोरी आणि स्वयंपाकघराचं पाणी सरळ ओढ्यात. अशी नवी टाकी बसवायला २००१पासून बंदी आहे. तीन, सगळं पाणी घेणारी टाकी. यादीत नुसतं 'जोकासो' लिहिलेलं असतं, त्यामुळे दुसरी की तिसरी हे आवारातली झाकणं उघडून आणि देखभालीची वही मागूनच कळतं. वही नसेल तर टाकी मेली असं धरून भाव करा.

आणि टाकीचा आकार माणसांवरून नाही, घराच्या क्षेत्रफळावरून ठरतो. १३० चौरस मीटरपर्यंत ५ माणसांची, वर गेलं की ७ची, दोन स्वयंपाकघरं आणि दोन न्हाणीघरं असली की १०ची. ऐसपैस जुनं घर घेऊन राहणार दोघं, टाकी सातांची.

घाटवळण:
तेवढंही दगडावर कोरलेलं नाही. प्रत्यक्ष वापर कमी असल्याचं दाखवलं तर काही पालिका ७ऐवजी ५ची टाकी मंजूर करतात. आधी जाऊन विचारायचं असतं.
सुट्टीपुरतं घर असेल तर जाताना मेन स्विच बंद, पाणी बंद, विषय संपला. टाकीला पाणीच नाही तर खर्च कसला?

अडकित्ता:
मेन स्विच बंद?? अहो, टाकीला ब्लोअर असतो. तो २४ तास हवा सोडतो म्हणून आतले जिवाणू जगतात. तुम्ही शुक्रवारी येईपर्यंत ते मेलेले असतात, आणि शुद्ध न झालेलं पाणी ओढ्यानं खालच्या माणसाच्या भातखाचरात जातं. मग गावात परदेशी लोकांबद्दल काय बोलतात ते ऐकायची तयारी ठेवा. ब्लोअरला वेगळं सर्किट द्यायचं आणि बाकीचे स्विच पाडायचे. आतला डायफ्रॅम (रबरी पडदा) फाटला तर आवाज बदलतो, दुरुस्ती संच मिळतो.

आणि 'खर्च कसला' म्हणे. घरात माणूस असो नसो, वर्षातून एकदा कायदेशीर तपासणी, एकदा गाळ उपसणं, शिवाय दर तीन-चार महिन्यांनी देखभालवाला. हे थांबवायचं तर गाळ उपसून वापर स्थगितीची नोटीस द्यावी लागते, ती सोय २०२०पासून आहे. नोटीस दिल्यावर मात्र सुट्टीला येऊन संडास वापरता येणार नाही.

घाटवळण:
नागानो प्रांताच्या थंडीत वीज चालू ठेवून पाण्याचं काय करणार? नळ फुटतात तेव्हा जिवाणू धावून येत नाहीत.

अडकित्ता:
विजेचा आणि नळाचा संबंध तुम्ही लावलात. पाणी उतरवायला वेगळी झडप असते. ती फिरवायची, मग एकेक नळ उघडायचा म्हणजे हवा शिरून नळीतलं पाणी उतरतं, गीझरचं पाणी वेगळं काढायचं. कमोड आणि बेसिनखालच्या ट्रॅपमध्ये गोठणरोधक ओतायचं. टाकीला चालणारंच हं, मोटारीच्या रेडिएटरमधलं नाही. तेही लोक ओततात.

कौलारू:
रस्त्याच्या नियमाचं घाटवळण यांचं बरोबर, मी सरसकट लिहायला नको होतं. (नगररचना क्षेत्रातल्या खेड्यांना तो लागूच आहे, हेही त्यांनी लिहायला हवं होतं.) पण धागा आता टाकीत पडलाय, बाहेर काढा कुणीतरी.

पाटीपेन्सिल:
मी काढते. बर्फ. बर्फाळ भागात बांधकामाच्या हिशेबात १ मीटर साचलेल्या बर्फाचं वजन दर चौरस मीटरला साधारण ३०० किलो धरतात. १०० चौरस मीटरच्या छपरावर ३० टन झाले. ते कुणीतरी चढून उतरवायचं असतं, आणि चढणारे शेजारी स्वतःच ऐंशीच्या घरातले असतात.

दुसरं, चोनाईकाई, म्हणजे वस्तीतल्या रहिवाशांची संघटना. रस्त्याकडेचं गवत, पाटातला गाळ, देवळाची झाडलोट. ठरल्या रविवारी गेला नाहीत तर बऱ्याच गावांत गैरहजेरीचे पैसे घेतात. सदस्यत्व कायद्यानं सक्तीचं नाही म्हणून ऐटीत नाकारणारे असतात. मग कचरा ठेवायच्या जागेवरची जाळी कुणाच्या मालकीची, हा प्रश्न पुढच्याच आठवड्यात येतो.

घाटवळण:
गवत कापायला लावतात म्हणून घर वाईट? भाड्याच्या खोलीत राहा मग जन्मभर. वर्षभर राहणाऱ्या, भाषा येणाऱ्या माणसाला यातलं काहीच जड नाही. टोकुशिमातल्या कामियामासारख्या गावात बाहेरचे लोक येऊन रुळलेच ना?

सातबारा:
रुळले, कारण ते तिथं राहतात. पोस्ट वाचून घेणारा राहणार नाही, आणि नको झालं तर टाकूनही देता येणार नाही. जमीन सरकारजमा करायची योजना २०२३च्या एप्रिलमध्ये आली, पण ती वारसानं मिळालेल्या जमिनीला, आणि तिच्यावर इमारत नको. विकत घेतलेल्याला नाही. म्हणजे तुम्ही गेल्यावर तुमची मुलं अर्ज करू शकतील, घर स्वखर्चानं पाडून. मधल्या काळात घर मोडकळीला आलं तर पालिका आधी समज देते, मग लेखी शिफारस, आणि शिफारस निघाली की घराखालच्या २०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला मिळणारी, एक षष्ठांश मूल्यावरच कर धरायची सवलत जाते. डिसेंबर २०२३पासून पडायला आलेलंच नव्हे, नुसतं निगा न राखलेलं घरही त्यात येतं.

घाटवळण:
बरं बाबा. 'मोटारीच्या किमतीत घर' खोडतो. 'मोटारीच्या किमतीत टाकी, वर घर फुकट' असं लिहा, म्हणजे सगळे खूश.

अडकित्ता:
टाकीवरून आठवलं, खड्डा किंवा जुनी टाकी बदलून नवी बसवायला बऱ्याच पालिका अनुदान देतात. अर्ज काम सुरू करण्याआधी करायचा. आधी खणलंत तर गेलं.