अनुभव धागा: तुमच्या घरची वाकळ कुणी शिवली?

गेल्या आठवड्यात माहेरी गेले होते, वाईजवळच्या गावी. माळ्यावरची ट्रंक उघडली आणि आजीची वाकळ निघाली. शहरात तिला गोधडी म्हणतात, आमच्याकडं वाकळच. वरचं लुगडं पार विटलंय. ऊन दाखवायला अंगणात पसरली तेव्हा उसवलेल्या कडेतून आतले थर दिसले. आजोबांचं धोतर, आत्याचं परकर-पोलकं आणि त्याच्याखाली माझा शाळेचा निळा फ्रॉक. कॉलरच्या आत आईनं लाल दोऱ्यानं काढलेलं माझं अक्षर अजून तसंच आहे. किती तरी वेळ तिथंच बसून राहिले.

आजी चैत्रात शिवायला बसायची. सुगी उरकलेली, पाऊस लांब. सारवलेल्या पडवीत लुगडं अंथरायची आणि कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, हाताला येईल ते वजन ठेवायची. मग जुनेराचे थर. प्रत्येक थरावरून हात फिरवायची. बटण, नेफा, जाड शिवण, काहीही बोटाला लागलं की उसवून बाजूला. "अंगाखाली गाठ आली की झोप लागत न्हाई," म्हणायची. वरून दुसरं लुगडं, कडेनं कच्चे टाके, मग बाहेरून आत धावदोरा. चौकोनाच्या आत चौकोन, असं करत मध्यावर यायचं. मी समोरच्या कडेला बसायचे. माझे टाके लांब पडायचे, पण आजीनं ते कधी उसवले नाहीत. आजही बोट फिरवलं की आजीची बाजू कुठली आणि माझी कुठली ते कळतं.

तुमच्या घरच्या वाकळेबद्दल लिहा. कुणी शिवली, आत काय काय आहे, आता कुठं आहे?

*

आम्ही पाटण तालुक्यातले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा वडील सात वर्षांचे होते. आजीनं धाकट्याला वाकळेत गुंडाळलं तसंच उचलून बाहेर आणलं, वडील तिच्या पदराला धरून. पुढं कितीतरी रात्री सगळे खळ्यावर झोपले. मार्गशीर्षातली थंडी, घरात जायची भीती, आणि त्या एका वाकळेत चार पोरं. कडेच्या दोघांना पुरायची नाही, म्हणून आजी रात्रीतून उठून पोरांच्या जागा बदलायची. वडील आता ब्लँकेट घेतात, पण उशाला ती वाकळ घडी करून लागतेच.

*

आमचं जत. घरात निम्मं कानडी, त्यामुळं आम्ही कौदी म्हणतो. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आई त्यात चिमूटभर तांदूळ घालायची. कौदी रिकाम्या पोटी ठेवायची नाही, एवढंच सांगायची.

*

सांगली. नवरात्राच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा कृष्णेवर धुवायला न्यायचो. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची आणि उलट्या बाजूंनी पीळ घालायचा. माझी आणि जावेची खरी ओळख त्या पिळण्यातच झाली.

ऑगस्ट 2019 च्या पुरात घरात छातीएवढं पाणी आलं. ओसरल्यावर गाद्या, कपाटं, धान्य सगळं रस्त्यावरच्या ढिगात गेलं. सासूबाईंनी एक वाकळ मात्र टाकू दिली नाही. पंधरा दिवस गच्चीवर उन्हात होती तरी वास जाईना. शेवटी त्यांनी वरखालची लुगडी उसवून काढली, आतले थर सुटे करून पुन्हा धुतले आणि स्वतःच्या दोन सुती साड्या घालून परत शिवली. तेव्हा त्यांचं वय त्र्याहत्तर. आतला एक थर त्यांच्या आईच्या लुगड्याचा होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

*

आजोबा शिकायला साताऱ्यात धनिणीच्या बागेतल्या कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगमध्ये होते. घरून निघताना एक ट्रंक आणि एक वाकळ. परीक्षेच्या दिवसांत पोरं एकमेकांच्या वाकळा जोडून अंथरायची आणि रात्रभर वाचत बसायची. सगळ्या जातीपातींची पोरं एका अंथरुणावर, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

*

माण. आमच्याकडं खाली वाकळ, वर घोंगडी. दुसरं काही लागत नाही.

*

मी विट्याची. आई गेल्यावर तिच्या साड्या तशाच ठेवल्यात, वाकळ करावी असं फार वाटतं. पण निम्म्या साड्या सिंथेटिक आहेत. चालतील का? आणि सुई कधी धरली नाही.

*

ताई, सिंथेटिक वर लावू नका. घसरते आणि घाम टिपत नाही, उन्हाळ्यात अंगाला चिकटते. सुती साड्या वरखाली घ्या, बाकीच्या आत थोड्या थोड्या पसरा. पण त्या सरकतात, म्हणून टाके जवळ जवळ घाला. फॉल आणि जरीचा काठ आधी काढून टाका, नाहीतर सुई अडते. दाभण नको, लांब सुई आणि जाड सुती दोरा, दोऱ्याला मेण लावून. पहिली लहान करा, दुपट्याएवढी.

मी विट्याजवळच असते. चुलतीला विचारलं, ती म्हणाली रविवारी सकाळी साड्या घेऊन ये म्हणावं. तिला आता दोरा ओवायला दिसत नाही, तेवढं कुणीतरी लागतंच.