डव्हकॉट बंद पडलं तर मेलची रांग फ्लश करायची की नाही?

उद्यमबागकर:
पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) चालू पण डव्हकॉट (मेल इनबॉक्सात ठेवणारा प्रोग्राम) बंद, अशी वेळ आली की बेळगावात पहिला सल्ला ठरलेला: "फ्लश मारा," म्हणजे रांगेतले सगळे मेल लगेच पुन्हा पाठवायला लावा. माझा याला विरोध. एलएमटीपी सॉकेट (डव्हकॉटकडे मेल सोपवायची वाट) मिळाला नाही तर पोस्टफिक्स मेल टाकून देत नाही, डिफर्ड (थांबवलेल्या मेलच्या) रांगेत ठेवतं. मेल परत पाठवायच्या आधीची मुदत मुळात ५ दिवसांची असते. दुरुस्तीआधीच दर दोन मिनिटांनी 'पोस्टक्यू मायनस एफ' ही फ्लशची कमांड मारली की तेच अडकलेले मेल अ‍ॅक्टिव्ह (आत्ता पाठवायच्या) रांगेत येऊन पुन्हा आपटतात आणि फाउंड्रीचं बाहेर जाणारं कोटेशन त्यांच्यामागे ताटकळतं.

चिकोडीवाला:
दुरुस्तीआधी नको, मान्य. पण दुरुस्तीनंतरही गप्प बसायचं कशाला ओ? मेल जितका वेळ पडून आहे, साधारण तितक्याच वेळाने पुढचा प्रयत्न होतो. कमीत कमी ३०० सेकंद, जास्तीत जास्त ४०००. म्हणजे ४० मिनिटं अडकलेला मेल सर्व्हर उठल्यावरही आणखी ४० मिनिटं अडकू शकतो. तोवर ड्रॉइंगसाठी फोनवर फोन.

निपाणीकर:
फ्लशवर भांडताय, पण दुखणं वेगळंच आहे. सर्व्हिस पूर्ण बंद असेल तर मेल सुरक्षित. ती अर्धवट उठली की घात. युजरची यादी रिकामी असताना डव्हकॉट सुरू झालं तर ते ५५० हा कोड देतं: असा युजर नाही. ५ने सुरू होणारा कोड म्हणजे कायमचा नकार, मेल तिथल्या तिथे पाठवणाऱ्याकडे परत. तुमची ५ दिवसांची मुदत गेली वाऱ्यावर. म्हणून डव्हकॉट उठवायच्या आधी पोस्टफिक्समध्ये 'सॉफ्ट बाउन्स' (कायमचा नकार तात्पुरता धरणारी सेटिंग) येस करा, रीलोड द्या. मग ५५० आला तरी मेल रांगेतच राहतो. नंतर 'पोस्टक्यू मायनस आय' आणि आयडी देऊन एकच मेल सोडा, इनबॉक्सात पडला का बघा. पडला की सॉफ्ट बाउन्स काढा. राहिलं तर चुकीच्या पत्त्यावर पाठवणारे बाहेरचे सर्व्हरही परत परत दार वाजवत राहतात.

उद्यमबागकर:
हे पटलं. एक मेल नीट पोचला की फ्लश, तोही एकदाच. दुरुस्ती लांबणार असेल तर 'डिफर ट्रान्सपोर्ट्स' या पोस्टफिक्सच्या सेटिंगमध्ये एलएमटीपी टाका, पोस्टफिक्स त्या वाटेला जातच नाही. मात्र तेवढ्यात कुणी फ्लश मारला तर जातं, हे ध्यानात ठेवा.

चिकोडीवाला:
म्हणजे शेवटी फ्लश आलाच की!

खानापूरवाला:
आमच्याकडे पावसात लाइन गेली की दिवस जातो. पाठवणाऱ्याला कळायला नको? मेल अडकलाय अशी पाठवणाऱ्याला जाणारी उशिराची सूचना पोस्टफिक्समध्ये मुळात बंद असते. ती ४ तासांवर ठेवा.

निपाणीकर:
नको. स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा खोटा असतो. ती सूचना भलत्याच माणसाच्या इनबॉक्सात जाणार, आणि ब्लॅकलिस्टमध्ये नाव तुमच्या सर्व्हरचं.

खानापूरवाला:
मग स्पॅम दारातच अडवा की. त्यापायी गिऱ्हाइकाला ५ दिवस अंधारात ठेवायचं, हे काय पटत नाही.