इलेक्टोरल कॉलेजला मराठीत काय म्हणावं?

रानजाई: शाळकरी मुलांच्या मासिकासाठी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर लेख लिहिते आहे. ‘इलेक्टोरल कॉलेज’साठी, म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेल्या आणि अध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणाऱ्या प्रतिनिधींच्या (इलेक्टरांच्या) समूहासाठी, ‘निर्वाचकगण’ लिहिलं, कारण आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीसंदर्भात तोच शब्द वाचला होता. संपादकांनी खोडला. म्हणाल्या, गावाकडची मुलं गोंधळतील. ‘कॉलेज’ ठेवलं तर महाविद्यालय वाटणार. काय करू?

काळीमाती: संपादकांचं शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे गट जिल्हा परिषदेचा आणि गण पंचायत समितीचा. आरक्षणाची सोडत निघाली की चावडीवर एकच विषय, ‘आपला गण कुणाला सुटला?’ त्या पोराला अमेरिकेतला गण कसा समजावणार?

नीरक्षीर: मग ‘निर्वाचकवृंद’ घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमला वर्तमानपत्रांनी ‘न्यायवृंद’ केलं आणि तो रुळला. मूळ लॅटिन कोलेजियम म्हणजे सहकाऱ्यांचा समूहच. पारिभाषिक शब्द थोडा जड असला म्हणून बिघडत नाही, वापरला की सवय होते.

पैलतीर: वृंद म्हटलं की एकत्र बसलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. हे 538 जण एकत्र कधीच बसत नाहीत. डिसेंबरात आपापल्या राज्यात जमतात, मत देतात, घरी जातात. अमेरिकेच्या राज्यघटनेत तर ‘इलेक्टोरल कॉलेज’ हे शब्दच नाहीत, नुसते ‘इलेक्टर’ आहेत. मुलांसाठी सरळ ‘राज्यांची मतं’ लिहा. 270 मिळाली की जिंकला.

नीरक्षीर: ‘राज्यांची मतं’ म्हणजे अर्थाला कात्री. मत राज्य देत नाही, माणूस देतो. 2016 मध्ये सात इलेक्टरांनी ठरल्यापेक्षा वेगळ्याच नावांना मतं दिली; त्यांतले दोन ट्रम्प यांचे होते, म्हणून त्यांची 306 ची 304 झाली. राज्यं इलेक्टरांना बांधून ठेवू शकतात हा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला, तोही प्रश्न माणसांचा होता म्हणूनच. आणि कृपा करून ‘पॉप्युलर व्होट’ला ‘लोकप्रिय मत’ लिहू नका. परवाच एका बातमीत वाचलं. मत कसलं लोकप्रिय?

रानजाई: ‘जनतेची एकूण मतं’ लिहिलंय. हिलरी क्लिंटन यांना अशी सुमारे 29 लाख मतं जास्त पडूनही त्या हरल्या, हे मुलांना सांगायचंच आहे. 2000 साली अल गोर यांचंही तेच झालं, फ्लोरिडातल्या 537 मतांच्या फरकाने.

पैलतीर: मग मुलांना हेही सांगा. मी न्यू जर्सीत राहतो. इथला निकाल आधीच गृहीत धरलेला, त्यामुळे प्रचाराला कुणी फिरकत नाही. डेलावेर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की दर चौकात फलक, दारोदार कार्यकर्ते. मत दोघांचंही एकच, पण किंमत एकाचीच. मला हे मनापासून खुपतं.

काळीमाती: पण संघराज्य आहे ना ते? छोट्या राज्यांना कुणी विचारणारच नाही, नुसत्या एकूण मतांवर गेलं तर.

पैलतीर: वायोमिंगला तरी कोण विचारतं? तिथे पावणेसहा लाख लोकसंख्येला 3 इलेक्टर, म्हणजे दोन लाखांहून कमी माणसांमागे एक. कॅलिफोर्नियात 54, म्हणजे सात लाखांहून जास्त माणसांमागे एक. एवढं झुकतं माप देऊनही प्रचार निकाल काठावर असलेल्या राज्यांतच होतो. खरी गोम ‘जिंकला त्याची सगळी’ या रिवाजात आहे. मेन आणि नेब्रास्का सोडले तर एका मताने पुढे असला तरी राज्यातले सगळे इलेक्टर त्याचे.

नीरक्षीर: आपल्याकडे हा हिशेब निदान लोकसंख्येला धरून आहे. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य 175, सिक्कीमच्या आमदाराचं 7.

काळीमाती: कुठली लोकसंख्या? 1971 ची! तेव्हापासून किती पाणी वाहून गेलं. आणि ते मत आमदार देतो, तुम्ही-आम्ही नाही.

नीरक्षीर: आकडे गोठवले ते कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांवर अन्याय होऊ नये म्हणून. त्याची तुलना वायोमिंगशी होत नाही.

काळीमाती: का होत नाही? माणसागणिक मत मोजायचं की राज्यागणिक, प्रश्न तोच आहे.

रानजाई: लेख शुक्रवारी द्यायचा आहे. गण, वृंद की राज्यांची मतं?

पैलतीर: काळीमाती, 1971 वर वेगळा धागा काढा, मला त्यावर बरंच लिहायचं आहे.